टॅरोच्या टेबलावर आलेले दोन भाऊ

आता मी आठवड्यातून दोनच दिवस बसते, तेही सकाळचं. घरचे म्हणतात, बंद करायचं तर पूर्ण बंद कर. पण फोन येतात, ओळखीतून ओळख निघते, आणि नागपुरातल्या नंदनवन वस्तीत आमच्या चौकातल्या ऑटोवाल्याला नुसतं "पत्तेवाल्या मॅडम" म्हटलं तरी तो माणसाला आमच्या फाटकाशी आणून सोडतो. हे नाव मला कधीच आवडलं नाही. सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ खरोखरच रमीचा क्लब समजून आले होते. चांगले कपडे घालून आले होते बिचारे. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मी मूळची चित्रकलेची शिक्षिका. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या मुलीनं टॅरोच्या पत्त्यांचा जोड आणला होता. मला त्यातली चित्रं आवडली म्हणून मी तो महिनाभर मागून घेतला, आणि मग परत देणं जिवावर आलं. आमच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. राजांच्या काळात दफ्तर सांभाळायला म्हणून हे घराणं इकडे आलं, असं सांगतात. त्या घरात सून पत्ते मांडून बसणार, हे कळल्यावर नात्यात बरंच बोललं गेलं. माझे यजमान सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा या गोष्टीवर कणभर विश्वास नाही. पण आलेल्या माणसाला पाणी नेऊन देण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं आणि आजवर चुकवलं नाही.

हे काम असतं काय, ते थोडक्यात सांगते. अठ्ठ्याहत्तर पत्ते. प्रत्येकावर एक चित्र. कुठे राजा, कुठे कोसळता मनोरा, कुठे काठ्यांचा भारा वाहणारा माणूस. येणारा आपला प्रश्न मनाशी धरतो, पत्ते पिसतो, एक-दोन-तीन जेवढे ठरले तेवढे काढतो. मी विचारते, "या चित्रात तुम्हाला काय दिसतं?" बस. प्रत्येक पत्त्याचा रूढ अर्थ असतो, तोही सांगते. पण भविष्य मला दिसत नाही, आणि हे मी दारातच सांगून टाकते. माणसाला सरळ "तुमची अडचण काय" विचारलं की तो बराच वेळ पाहुण्यासारखा बोलतो. चित्रातल्या माणसाबद्दल विचारलं की लवकर घरातलं बोलू लागतो. शाळेत मुलांच्या चित्रांवरून मला हे आधीच ठाऊक होतं.

लोक काय काय विचारतात! शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आमच्या अंगणात येते, तोडू का? मुलगा मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही, काय समजायचं? एक बाई मनासारखा पत्ता निघेपर्यंत "हा नको, दुसरा काढते" म्हणत राहायच्या, आणि सूर्याचा पत्ता आला की पर्स उचलून समाधानानं घरी जायच्या. मी त्यांना कधी अडवलं नाही.

दमवतं ते ऐकणं. सकाळी तीन माणसं ऐकली की दुपारी यजमानांनी "भाजी कोणती आणू" असं विचारलं तरी अंगावर आल्यासारखं होतं. माणूस सल्ला मागायला येतो असं वाटतं. खरं म्हणजे त्यातले बरेच जण आपला निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायला आलेले असतात. ते ओझं घ्यायचं नाही, पण माणसाला रिकाम्या हातीही पाठवायचं नाही. याच कसरतीत माझी उमेद खर्च झाली. आजार, कोर्ट आणि मरण या तीन गोष्टींवर मी पत्ते काढत नाही, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगत नाही. एवढे दोनच नियम मी ठेवले होते. ते दोन्ही ज्या माणसांनी माझ्याकडून वाकवून घेतले, त्यांचीच गोष्ट आज सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे, नावं मात्र बदलली आहेत.

उन्हाळ्यातली सकाळ होती. मंदा नावाची बाई सावनेरहून आली. चाळिशीच्या आसपासची, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, ऊन एवढ्यातच चढलं होतं. कूलरसमोर बसली, पण ओढणी सोडली नाही. मी पत्ते पुढे केले तर तिनं हातानं बाजूला सारले.

"पत्ते नाही पाहाचे मले, ताई. एक काम आहे."

"बोला."

"माहे मिस्टर येतीन तुमच्याकडं. म्याच सांगतलं त्याईले, का नागपूरले एक बाई आहे, बरोबर सांगते. ते आले का तुमी फक्त येवढं म्हणा, का पत्त्यात नाही निघून राहिलं. देऊ नका म्हणा."

"काय देऊ नका?"

"किडनी."

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा सुधाकर सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत पंपावर होता. खाणीत झिरपणारं पाणी सतत उपसून बाहेर टाकावं लागतं, ते काम. त्याचा धाकटा भाऊ विनोद नरखेड तालुक्यात गावी मोसंबीची बाग करायचा. विनोदच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नागपूरच्या दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करून घ्यायला त्याला आठवड्यातून दोनदा आणावं लागायचं. विनोदच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता, आईचं वय झालेलं. सुधाकरचा जुळला. डॉक्टर म्हणाले, तुमचा होकार असेल तर पुढच्या तपासण्या करू. आणि सुधाकर हो म्हणेना, नाही म्हणेना.

"दोन पोरी आहेत माह्या," मंदा म्हणाली. "उद्या यायले खाणीत काही झालं तं? आन् कोणासाठी? ज्यानं आमची झाडं मारली त्याच्यासाठी?"

वडिलांच्या माघारी शेताची वाटणी झाली, तेव्हा विहीर विनोदच्या हिश्श्यात गेली होती. पाणी दोघांनी वापरायचं असं तोंडी ठरलं. पण एका वर्षी पाऊस कमी झाला, विहीर तळाला गेली, आणि विनोदनं भावाच्या वावरात जाणारा पाइप काढून टाकला. सुधाकरची मोसंबीची झाडं ऐन फळावर असताना वाळली. ती तोडून सरपणाला विकावी लागली. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता.

मी मंदाला म्हटलं, आजारपणाचं मी बघत नाही, आणि खोटं तर मुळीच सांगत नाही.

"खोटं कुठं म्हणून राहिली मी? बोलाले काय लागते, ताई? चार शब्द."

"नाही जमणार मला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या मिस्टरवर आलं असतं तं?"

तिच्यासमोरचं पाणी तसंच होतं. ती उठली, चप्पल घातली आणि उन्हात निघून गेली. आतून यजमान बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "सांगून टाकायचं होतंस. त्या बाईचं काय चुकलं?" मला राग आला. इतकी वर्षं ज्या माणसानं या पत्त्यांना खेळ म्हटलं, तो आता म्हणत होता की त्यांच्या नावानं खोटं बोल.

पुढच्या आठवड्यात सुधाकर आला. मोटरसायकलवर, सकाळची पाळी बदलून घेऊन. केसांना तेल, इस्त्रीचा शर्ट, आणि नखांच्या कडांना न निघणारा काळा रंग. खुर्चीच्या टोकावर बसला.

"मॅडम, मले यातलं काही समजत नाही. मंदानं पाठवलं."

मी माझे नियम सांगितले. ऑपरेशन नीट होईल का, माणूस वाचेल का, हे विचारायचं नाही.

"थे डॉक्टर सांगते ना. मले फक्त विचाराचं आहे, देऊ का नको."

"तेही पत्ते सांगत नाहीत."

"मंग काय सांगते?"

रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, "तुम्ही कशापाशी अडला आहात, ते कदाचित तुमचं तुम्हालाच दिसेल. दिसेलच असं नाही." मंदा येऊन गेल्याचं मला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं, म्हणून मी त्या दिवशी ठरवून कमी बोलले.

त्यानं एकच पत्ता काढला. काठ्यांचा भारा उराशी धरून वाकून चाललेला माणूस, लांबवर गाव. ते चित्र त्यानं दोन्ही हातांत धरून निरखलं. मी विचारलं, "काय दिसतं?"

"याले समोरचं दिसूनच नाही राहिलं. तोंडापुढं काड्या आल्या सगळ्या." मग थोड्या वेळानं, "हे वझं कोण देल्लं याले?"

"त्यानं स्वतःच उचललं असेल."

"नाही," तो म्हणाला. "मायनं देल्लं."

आणि मग तो बोलायला लागला. म्हातारी दोन एसट्या बदलून सावनेरला त्याच्या क्वार्टरवर आली होती. दारातच बसली, आत आली नाही. नातींनी पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं. म्हणाली, तुह्या भावाले दे. एवढंच म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

"माय आली, मॅडम. पासष्टीची बाई. तो नाही आला. फोन नाही केला. त्याची बायको नाही, कोणी नाही. मायले पाठवलं."

"आणि तो आला असता तर?"

"आला असता तं," सुधाकर म्हणाला, "म्या कवाच देऊन टाकली असती."

बोलून तो स्वतःच दचकला. पत्ता टेबलावर ठेवला, परत उचलला.

"खाणीत रोज पाणी फेकतो मी," तो हळू आवाजात म्हणाला. "नाल्यात सोडतो. इतकं पाणी, इतकं पाणी. त्या वर्षी रोज पाळीवरून पाह्यचो आन् मनात म्हणाचो, यातलं येवढंसं माह्या वावरात नेता आलं असतं तं."

मी म्हटलं, "तुमचा प्रश्न देऊ का नको हा दिसत नाही मला."

"त्याले तोंड आहे का मले मांगाले?" असं म्हणून तो उठला. दारात वळून नमस्कार केला. त्याचा आवाज चढला होता याचं त्यालाच वाईट वाटलं असावं.

मला वाटलं, आपलं काम इथे संपलं. पण पहिला पाऊस पडून गेल्यावर एका दुपारी फाटकाशी ऑटो थांबली आणि त्यातून एक उंच, सुकलेला माणूस उतरला. डाव्या हाताला कोपराजवळ पट्टी. दवाखान्यातून मशीनवरून थेट आला होता. पायरी चढताना त्यानं कठडा धरला. माझ्या बसण्याचा तो दिवस नव्हता, पण परत पाठवण्यासारखी त्याची अवस्था नव्हती.

"मी विनोद," तो म्हणाला. "सुधाकर दादाचा भाऊ. दादा येऊन गेला इथं, माय म्हणाली. काय बोल्ला तो?"

"ते मी सांगू शकत नाही."

"नाही म्हणाला का?"

"ते विनोद भाऊ, तुम्ही त्यांनाच विचारा."

तो हसला. तोंड कोरडं पडलेल्या माणसाचं हसू. "मंग माहाच काढा पत्ता."

मी पत्ते पुढे केले. त्यानं एक ओढला, पण उलटवला नाही. पालथाच तळहाताखाली धरून ठेवला. मी वाट पाहिली.

"नाही पाह्यत," तो म्हणाला. "मले माहीत आहे काय आहे थे. ताई, सगळे म्हणते, विनोदले घमेंड आहे, मांगत नाही. मायही म्हणते. मी काहून नाही मांगत सांगू? मी मांगतलं का तो हो म्हणन."

"मग ते चांगलंच ना?"

"चांगलं कसं? त्याले मले नाही म्हणताच येत नाही. लहानपणापासून. पाइप काढला ना मी, तवा तो बांधावर उभा होता. मले वाटलं, आता येते, दोन थापडा मारते. मारल्या असत्या तं तिथंच लावून देल्ला असता पाइप. नुसता पाह्यत राहिला. मंग गाडीले किक मारली आन् गेला. झाडं वाळली तरी नाही आला भांडाले." त्यानं हात उचलला. पत्ता पालथाच राहिला. "अशा माणसाजवळ अजून काय मांगाचं?"

ऑटोवाला बाहेर थांबला होता. यजमानांनी त्याला हात देऊन ऑटोपर्यंत पोचवलं. मी तो पत्ता न पाहता जोडात सरकवून दिला.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. एक म्हणत होता, तो मागत का नाही. दुसरा म्हणत होता, मागितलं तर तो देईल. दोघांचं माझ्यापाशी येऊन पडलं होतं, आणि नियमाप्रमाणे ते तिथेच राहायला हवं होतं. यजमानांना मी काही सांगितलं नव्हतं, पण भिंतींना कान असणाऱ्या घरात काही लपत नाही. एका सकाळी पेपर वाचता वाचता ते म्हणाले, "फोन लाव ना दोघांना." मी म्हटलं, माझा नियम आहे. ते म्हणाले, "नियमात वेळ देऊ नको असं आहे का?"

मी दोघांना फोन करून एकाच दिवसाची एकच वेळ दिली. कुणाचं काही सांगितलं नाही. फक्त घड्याळ एक केलं. हे नियमात बसलं की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

विनोद आधी आला. सोफ्यावर टेकून बसला. मग मोटरसायकलचा आवाज आला आणि सुधाकर हेल्मेट काखेत घेऊन दारात उभा राहिला. त्यानं भावाला पाहिलं. कदाचित ओळखायला एक क्षण लागला असेल, इतका विनोद बदलला होता.

"दोघायले एकच टाइम देल्ला का, मॅडम?"

"हो."

"चुकून?"

"नाही."

विनोद उठायला लागला. त्याला पटकन उठता येईना. सुधाकर नकळत पुढे झाला. "बस, बस." आणि मग स्वतः समोरच्या खुर्चीत बसला. मी पत्ते कपाटातून काढलेच नाहीत. काय करावं न सुचून मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले.

सुधाकर त्या पट्टीकडे पाहत होता.

"दुखते का?"

"सुई टोचते तवा."

"जेवण?"

"मीठ बंद. फळं बंद. मोसंबी तं हात लावाची नाही म्हणते." थांबून तो म्हणाला, "पाणीही मोजून पेऊ देते आता."

विनोद खाली फरशीकडे बघत होता. सुधाकरनं हेल्मेट या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"मांग ना मंग," सुधाकर म्हणाला.

"कसा मांगू, दादा?"

"तोंडानं मांग. मायले काहून पाठवतं?"

"म्या नाही पाठवलं तिले. तिची ती आली."

हे सुधाकरला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मला ते ठाऊक असणार होतं. मलाही नव्हतं.

"दे दादा," विनोद म्हणाला. आवाज इतका खाली होता की मला अंदाजानंच समजलं.

"हो," सुधाकर म्हणाला. आणि लगेच, चिडून, "आन् पाइप लावून दे माहा."

"झाडं कुठं आहेत आता तुही?"

"लावीन. तुले काय करा लागते? तू पाइप लाव."

मी चहा टाकला. विनोदला अर्धाच कप दिला. दोघं एकाच मोटरसायकलवर दवाखान्यात गेले. मी फाटकाशी उभी राहून पाहिलं. इतक्या वर्षांत मला कामाचा अभिमान वाटला असेल तर तो त्या दिवशी, जेव्हा मी एकही पत्ता काढला नव्हता.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी मंदा आली. फोन न करता, तशीच. या वेळी पाणी तिनं एका दमात प्यालं.

"नाही झालं, ताई," ती म्हणाली. "शेवटच्या तपासणीत नाही म्हणाले डॉक्टर. यायलेच बीपी आहे म्हणे, कवाचं. कोणाले माहीत नव्हतं. यायच्याच किडनीवर मार बसला आहे. एक काढली तं हेच मशीनवर जातीन."

मी तिचा रिकामा पेला पुन्हा भरला.

"म्या देवाले येवढंच मांगतलं होतं," ती म्हणाली. "यायची किडनी जाऊ नये. नाही गेली. आता मले झोप नाही येत."

"तुम्ही मागितलं म्हणून नाही झालं ते."

"थे मलेही समजते. येड्यावाणी नाही मी." ती ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. "तुमी त्या दिवशी खोटं बोल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. विनोदभाऊनं आस लावली नसती. दोन महिने तो गडी हसून राहिला होता, ताई. पोरायले घेऊन गेला फिराले." मग स्वतःच थांबली. "पण मंग यायची तपासणी नसती झाली. बीपीचं समजलंच नसतं. गोळ्या चालू आहेत आता. काय बरं आन् काय वाईट, मले काही समजत नाही."

"तुमच्यासाठी पत्ता काढू?" मी विचारलं. सवयीनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मी अशीच बसतो थोडी."

मंदा चांगला वेळ बसली. मीही बसले. यजमान दोनदा येऊन पाणी भरून गेले.

त्यानंतर मी बसण्याचे दिवस कमी केले. कारण विचारलं तर गुडघे सांगते. ते खोटंही नाही. पण मी त्या दोघांना एका खोलीत आणलं, विनोदला आशा लावली, आणि मग ती तपासणीत गेली. हे बरोबर केलं का, असं मनात येतंच. दुसऱ्याच्या निर्णयाला हात लावायचा नाही असं म्हणत एवढं आयुष्य काढलं, आणि एकदा लावला तर त्याचा असा हिशेब आला.

विनोद मशीनवरच आहे. मरणानंतर दान होणाऱ्या किडनीसाठी नाव लावलं आहे, नंबर यायचा आहे. सुधाकर पाळ्या बदलून घेतो आणि दवाखान्याच्या दिवशी भावासोबत बसतो. त्यानं गावच्या वावरात मोसंबीची कलमं लावली तेव्हा मला आग्रहानं बोलावणं आलं. थंडीचे दिवस होते. मी एसटीनं गेले, फाट्यावरून सुधाकरनं मोटरसायकलवर नेलं.

कलमं गुडघ्याएवढी. नवा काळा पाइप विहिरीपासून बांधाबांधानं आलेला. विनोद खाटेवर बसून हुकूम सोडत होता आणि दोघं भाऊ दोन झाडांत अंतर किती ठेवायचं यावरून तावातावानं भांडत होते. "तुले काय समजते गा, तू पंपावरचा माणूस!" असं विनोद म्हणाला आणि मंदा तोंडाला पदर लावून हसली.

त्यांची आई गोठ्याच्या सावलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बारीक, ताठ बाई. मी जाऊन शेजारी बसले आणि शेंगा हातात घेतल्या. तिनं माझ्याकडे न पाहताच विचारलं, "तूच का पत्तेवाली?"

"हो, आई."

"पत्ते आणले का?"

"नाही आणले."

"मंग अशीच सांग." तिचे हात चालूच होते. "म्या सुधाकरले म्हटलं, भावाले दे. त्याच्या दारात जाऊन म्हटलं. मायनं एका पोराच्या अंगातलं काढून दुसऱ्याले मांगाव का? मांगतलं थे पाप केलं का मी? हेच विचाराचं होतं मले. कोणाले विचारू?"

सगळे माझ्या टेबलापाशी येऊन गेले होते. मंदा, सुधाकर, विनोद. ही आली नव्हती, आणि सगळ्यांत मोठा प्रश्न हिच्यापाशी होता. पत्ते असते तर मी म्हटलं असतं, एक काढा, काय दिसतं ते सांगा. पत्ते नव्हते. ती वाट पाहत होती.

मी म्हटलं, "आई, तुमच्या जागी मी असते तर मीही मागितलं असतं."

कुणाला असं सरळ उत्तर देण्याची ती माझी पहिलीच वेळ. म्हातारीनं शेंगा ठेवल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. एखाद्या पोरीकडे पाहावं तसं.

"हो वं बाई," ती म्हणाली. "पण तुले मांगा लागलं नाही."

मी मान हलवली. वावरातून दोघांच्या भांडणाचा आवाज येत होता. बस यायला अवकाश होता, म्हणून मी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.